ग्रीव्हसचं स्पेलिंग

मार्च लागला की आमच्या स्टाफरूममध्ये बोर्डाच्या परीक्षेच्या पर्यवेक्षणाची यादी लागते. मी भूगोल शिकवते. ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या शिक्षकांना वर्गावर ठेवत नाहीत. त्यामुळे इंग्रजीच्या पेपराला माझं नाव हमखास असतं. यंदाही होतं. कल्याणातली एक शाळा, दुसरा मजला, पंचवीस मुलं. मोबाइल खाली जमा केलेला, वाचायला काही नाही, बसायची परवानगी नाही. खिडकीतून तापलेली हवा आत येत होती आणि खालच्या गल्लीत रसवंतीवाल्याची घुंगरं वाजत होती.

अशा वर्गात तीन तास उभं राहिलं की मुलांचे चेहरे वाचायची सवय लागते. गणिताच्या पेपराला मुलं कपाळाला आठ्या घालतात. इंग्रजीच्या पेपराला ओठ हलवतात. एखाद्या शब्दाचं स्पेलिंग आठवत नसलं की एकेक अक्षर ओठांवर जुळवून बघतात. मला ते बघवत नाही. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते, आणि नेमके त्याच वेळी ते शब्द एकेक करून आठवायला लागतात.

शब्दाचा अर्थ कोशात असतो असं लोक समजतात. माझ्याकडे निदान तीस-चाळीस इंग्रजी शब्द असे आहेत, ज्यांचा अर्थ मला आधी आवाजात आठवतो. 'रिलक्टंट' म्हणजे काचेच्या बांगड्या फुटल्याचा आवाज. 'सिन्सिअर' म्हणजे गोदरेजच्या कपाटावर डोकं आपटल्याचा. 'एम्बॅरस'मध्ये दोन आर आणि दोन एस असतात; मी एकच आर सांगितला, तेव्हा आईचे केस बाबांच्या मुठीत होते आणि ते मला म्हणत होते, "परत सांग. सावकाश. घाई नाही."

बाबा दारू पीत नसत. हे आधीच सांगते, कारण ऐकणाऱ्याला पहिला प्रश्न तोच पडतो. ते डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होते. बीकॉम. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, कोणाशी चढा आवाज नाही. सोसायटीच्या मीटिंगचा वृत्तांत तेच लिहायचे. एकदा त्यांना बढतीसाठी मुलाखतीला बोलावलं होतं. बाहेरून आलेले साहेब इंग्रजीत विचारत राहिले, बाबांची वाक्यं अर्ध्यावर अडकली, आणि त्यांच्या हाताखालचा माणूस त्यांचा साहेब झाला. त्याच आठवड्यात त्यांनी ठाणे स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून एक जाडजूड इंग्रजी-मराठी कोश आणला. मी तेव्हा सातवीत होते.

रोज संध्याकाळी दहा शब्द. उच्चार, स्पेलिंग, अर्थ, वाक्यात उपयोग. मी सतरंजीवर, ते खुर्चीत. कोश त्यांच्या मांडीवर.

मला त्यांनी कधी बोट लावलं नाही. "हिचे हात लिहिण्यासाठी आहेत," असं ते एकदा म्हणाले होते. मी चुकले की ते पानात बोट ठेवून कोश मिटायचे आणि स्वयंपाकघराकडे बघून हाक मारायचे, "शैला, जरा बाहेर ये." पाणी मागावं इतक्या साध्या आवाजात. आई यायची. येताना चष्मा काढून शिलाई मशीनवर ठेवायची. ती घरी बसून साड्यांचं फॉल-पिको करायची, तिला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नसे, म्हणून आधी चष्मा जपायची. मग बाबा तिला सांगायचे, "तुझ्या मुलीला 'रिलक्टंट' येत नाही." आणि मारायचे. कधी दोन थपडा, कधी कमरेचा पट्टा, कधी पाठीत बुक्की, की तिचा श्वास अडकून तोंड नुसतंच उघडं राहायचं. मारून झालं की खुर्चीत बसून पुढचा शब्द.

अशी मी इंग्रजी शिकले. आंघोळ करताना, शाळेच्या वाटेवर, ताटावर बसल्यावर मी स्पेलिंगं घोकायचे. बाईंना वाटायचं मुलगी फार अभ्यासू आहे. मला मार्क नको होते. मला फक्त संध्याकाळ बिनहाकेची जायला हवी होती. आणि भीतीचं असं असतं की दुपारी पाठ असलेला शब्द संध्याकाळी त्या खुर्चीसमोर बसल्यावर फुटून जायचा. अक्षरं माहीत असायची, त्यांचा क्रम जायचा.

माझ्या दहावीचा तो मार्च अजून अंगावर आहे. एमआयडीसीकडून वारा आला की कुजक्या अंड्यासारखा वास यायचा आणि अख्खी बिल्डिंग खिडक्या लावून घ्यायची. गच्चीवर बायकांनी बटाट्याचा कीस वाळत घातलेला. शेजारच्या मैदानात होळीच्या राखेचं काळं वर्तुळ तसंच होतं. आमच्या वन-रूम-किचनमध्ये मशीनच्या तेलाचा आणि नव्या साड्यांच्या खळीचा वास भरून राहिलेला. आईला लग्नसराईची कामं आली होती. दिवसभर मशीन चालायचं आणि बाबांच्या बुटांचा आवाज जिन्यात आला की थांबायचं.

शुक्रवारी त्यांच्या कंपनीला सुट्टी असायची. शनिवारी सकाळी अकराला माझा इंग्रजीचा पेपर होता. शुक्रवारी दुपारची जेवणं झाल्यावर त्यांनी सतरंजी स्वतः घातली. म्हणाले, "आज पन्नास घेऊ. उजळणी."

अठ्ठावीस शब्द नीट गेले. मी मोजत होते. मशीनवर आईची एक मोतिया रंगाची साडी चालली होती, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. एकोणतिसावा शब्द आला, ग्रीव्हस. अर्थ मला येत होता. गंभीर, दुःखद, भयंकर. वाक्यही तयार होतं, त्यांनीच दिलेलं: त्याने गंभीर चूक केली. ते म्हणाले, "स्पेलिंग."

"जी, आर, आय, ई, व्ही, आय, ओ, यू, एस."

त्यांनी पानात बोट ठेवलं. "परत."

मी परत तेच सांगितलं.

"एक आय जास्त आहे," ते म्हणाले. "शैला, जरा ये."

मशीन थांबलं. आई उठली, पण त्या दिवशी तिनं चष्मा काढला नाही. ती मशीनजवळच उभी राहिली, साडीचं टोक हातात तसंच. म्हणाली, "उद्या तिचा पेपर आहे. आज राहू द्या."

तीन वर्षांत ती पहिल्यांदा काही बोलली होती. बाबा तिच्याकडे बघत राहिले. रागानं नाही, एखादा चुकीचा हिशेब दिसावा तसे. मग ते उठले, कोश दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या कण्याची बाजू तिच्या तोंडावर हाणली. एकदा. ती मागे गेली. तिनं हात वर घेतले तेव्हा दुसऱ्यांदा, हातांच्या मधून. ती पडली ती मशीनच्या लोखंडी चाकावर, भुवईवर. चष्म्याची काच फुटली. तिच्या तोंडातून एक आवाज निघाला, तो ओरडण्याचा नव्हता, ओकारी दाबल्यासारखा होता. मोतिया साडीवर रक्त सांडत होतं आणि ती तशाही अवस्थेत साडी बाजूला ओढायला बघत होती. बाबांनी तिच्या बरगडीत लाथ मारली. मग आणखी एक. मी सतरंजीवरून उठले नाही. हे मला सांगायलाच हवं. मी बसल्या जागी पुटपुटत होते, व्ही ओ यू एस, व्ही ओ यू एस. बरोबर स्पेलिंग सांगितलं की ते थांबतील, असं मला वाटत होतं.

ते दमले तेव्हा थांबले. बेसिनवर साबण लावून हात धुतले. शर्टाला डाग नाही ना ते आरशात पाहिलं. चपला घालता घालता म्हणाले, "मी खाली जाऊन येतो. तोवर हे पुसून घ्या."

दार उघडं टाकून ते गेले आणि शेजारच्या निर्मलामावशी आत आल्या. त्या सरकारी हॉस्पिटलात आया होत्या, त्या दिवशी त्यांची सकाळची पाळी सुटलेली होती. त्यांनी आईला बसतं केलं, भुवईवर टॉवेल दाबून धरला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "तीन वर्षं ऐकते मी भिंतीपलीकडून. आधी पोरीचं स्पेलिंग ऐकू येतं, मग भांडी पडल्यासारखं. मला वाटायचं शिकवतात पोरीला, आपण कशाला मधे पडा. ऊठ ग मनू. दप्तर घे, हॉलतिकीट घे. रिक्षा बघ."

"दप्तर कशाला?" मी विचारलं.

"उद्या परत इथून निघशील असं वाटतंय का तुला?"

हॉलतिकीट आणि पॅड घेऊन मी जिना उतरले. मागच्या गेटनं गेलो. कल्याणपर्यंतच्या रिक्षात आईनं तोंडाला रुमाल लावला होता. पदराच्या टोकाला तिनं काहीतरी गाठ मारून ठेवलं होतं आणि ती गाठ मुठीत घट्ट धरली होती. मला वाटलं किल्ली असेल.

अपघात विभागातला डॉक्टर तरुण होता, डोळे झोपेनं सुजलेले. त्यानं विचारलं, "कसं लागलं?"

"पडले," रुमालातून आई म्हणाली.

"पडली नाही, मारलंय," मावशी म्हणाल्या. "नवऱ्यानं. पोलीस केस करा, साहेब."

डॉक्टरनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गप्प राहिले. घरात मला विचारल्याशिवाय बोलायची सवय नव्हती. त्यानं भुवईला पाच टाके घातले. बरगड्या दाबून पाहिल्या, फोटो काढायला पाठवलं. हाड शाबूत होतं. "तोंड उघडा," म्हणाला. आईनं बोटभर उघडलं आणि मान हलवली, दुखतंय म्हणून. बाहेर एका अपघाताची माणसं ओरडत होती. तो म्हणाला, "सूज उतरली की दातांच्या डॉक्टरला दाखवा," आणि छापील कागद भरायला बसला.

मी टेबलाच्या पलीकडे उभी होते. कागद मला उलटा दिसत होता, पण इंग्रजी मला उलटंही वाचता यायचं. कोश मी तीन वर्षं समोरून उलटाच बघत आले होते. दुखापतीचं स्वरूप असा रकाना होता. त्यात त्यानं लिहिलं, सिम्पल.

सिम्पल मला तिसरीपासून येत होता. सिम्पल म्हणजे सोपं. सिम्पल म्हणजे साधं.

"सर," मी म्हटलं, "ते सिम्पल नाहीये."

त्यानं वर पाहिलं.

"ग्रीव्हस आहे," मी म्हटलं.

त्यानं पेन खाली ठेवलं. हसला नाही, हे त्याचे उपकार. "हा शब्द तुला कोणी शिकवला?"

"बाबांनी."

त्यानं रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "बघ, तुला वाटतंय ते बरोबर आहे. पण इथे हे शब्द कायद्याचे असतात. मला वाटलं म्हणून ग्रीव्हस लिहिता येत नाही. त्याला कारण लागतं. हाड मोडलं पाहिजे, डोळा गेला पाहिजे, दात तुटला पाहिजे. टाके पडले, सूज आली, तर ते सिम्पलच."

मी आईकडे पाहिलं. रुमाल लाल झाला होता आणि भुवईचे टाके तर कधीच घालून झाले होते. ते रक्त तोंडातलं होतं. मग मला तिची मूठ दिसली, आणि त्या मुठीत काय असेल ते कळलं.

"आई, तोंड उघड," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत भीती होती. मारताना असायची त्याहून वेगळी. सिम्पलच राहिलं असतं तर ती रात्री घरी जाऊ शकली असती. पुसायचं राहिलेलं पुसलं असतं, साडीचे डाग मिठाच्या पाण्यात काढले असते. तिला ते सगळं येत होतं. पुढचं काहीच येत नव्हतं.

"शैला," मावशी हलकेच म्हणाल्या, "मी आहे ना."

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. पंख्याचं एक पातं कशाला तरी घासत होतं, तेवढं आठवतं. मग आईनं रुमाल टेबलावर ठेवला, पदराची गाठ सोडायला गेली, ती घट्ट बसली होती म्हणून दातांनी सोडायला गेली आणि कळवळली. गाठ मी सोडली. आत तिचा वरचा सुळा होता, मुळासकट, आणि बाजूच्या दाताचा तुकडा. तिनं तोंड उघडलं. डॉक्टरनं बॅटरी धरली. त्यानं बराच वेळ पाहिलं, मग कागदावरचा सिम्पल आडव्या रेघेनं खोडला, शेजारी सही केली आणि नवा शब्द लिहिला. मी त्याचं पेन बघत होते. व्हीनंतर सरळ ओ.

हॉस्पिटलातल्या चौकीत एक वयस्क हवालदार होते. त्यांनी कागद वाचला आणि सुस्कारा टाकला. "ताई, माणूस शिकलेला दिसतो, नोकरीवाला आहे. पोरीची परीक्षा चालू आहे. हे एकदा लिहिलं की साधं भांडण राहत नाही. दोन दिवस विचार करा, मग या."

आई त्यांच्याकडे एका डोळ्यानं बघत होती, दुसरा सुजून मिटला होता. "लिहा," ती म्हणाली. ओठ जागेवर नव्हते, त्यामुळे शब्द नीट उमटला नाही. तिनं परत म्हटलं, "लिहा."

बाबांना त्याच संध्याकाळी घरून नेलं. मावशींचे यजमान होते तिथे, त्यांनी नंतर सांगितलं. बाबांनी लादी स्वतः पुसून काढली होती, कोश कपाटात ठेवला होता, आणि दारात पोलीस बघून ते त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागले. दुसऱ्या वाक्याला अडखळले. आम्ही ते पाहायला नव्हतो. आम्ही कल्याणातच मावशींच्या बहिणीकडे होतो.

पुढची वर्षं कोर्टात गेली. ते जामिनावर सुटले आणि टिटवाळ्याला त्यांच्या भावाकडे राहायला गेले. माझी साक्ष झाली तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. बाबा समोर बसले होते, शर्टाला इस्त्री, खिशाला दोन पेनं. त्यांच्या वकिलांनी मला विचारलं, "दहावीतल्या मुलीला असा शब्द कसा सुचला? कोणी पढवलं होतं?" मी म्हटलं, "यांनी," आणि बोट दाखवलं. बाबांनी मान खाली घातली नाही. माझ्या उच्चारात कुठे चूक निघते का, हे ऐकावं तसे ते लक्ष देऊन ऐकत होते. त्यांना शिक्षा झाली, काही काळ आत राहिले, नोकरी गेली. आता टिटवाळ्यालाच असतात. मी गेलेले नाही.

माझं इंग्रजी चांगलं आहे. बारावीला वर्गात पहिली होते त्या विषयात. सगळे म्हणाले, इंग्रजी घेऊन एमए कर. मी भूगोल घेतला, कारण नद्यांची नावं शिकताना घरात कोणी रडलेलं नव्हतं. पण सरकारी पत्र वाचायचं असलं, कोणाचा रिपोर्ट समजून घ्यायचा असला की स्टाफरूममधले सगळे माझ्याकडेच येतात, आणि मी सांगते. शब्द चुकत नाही. हे जे मला येतं ते कुठून आलं, याचं मी काय करावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. फेकून देता येत नाही आणि त्याचं कौतुकही करून घेववत नाही.

एक गोष्ट मात्र फार वर्षं छळत होती. तो जास्तीचा आय. मी तो सांगितला नसता तर आईचा दात राहिला असता, हे मी पंचविशीपर्यंत खरं मानत होते. एकदा भाजी निवडताना मी तिला ते सांगून टाकलं. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली नाही, की मला जवळही घेतलं नाही. म्हणाली, "तू बरोबर सांगितलं असतंस तर त्यांनी पुढचा शब्द विचारला असता. पन्नास होते ना? पन्नासही आले असते, तर कोश जाड होता." आणि काड्या मोडत राहिली. इतकं सरळ उत्तर मला इतकी वर्षं कसं सुचलं नाही, कोण जाणे.

पण त्या मार्चमधलं मला सगळ्यात लख्ख आठवतं ते शनिवारचं. पेपराच्या सकाळचं.

मी म्हटलं होतं, मी एकटी जाईन. आई ऐकेना. बरगड्या दुखत होत्या म्हणून ती एका बाजूला झुकून चालत होती. भुवईवर पट्टी, डोळा जांभळा, ओठ फुगलेला. आजवर असं काही झालं की ती पदर कपाळापर्यंत ओढून दूध आणायला जायची आणि कोणी विचारलंच तर बाथरूममध्ये घसरले म्हणायची. त्या दिवशी मावशींच्या बहिणीचा पंजाबी ड्रेस तिच्या अंगात होता, डोक्यावर ओढायला पदर नव्हता, आणि ओढणी तिनं गळ्याभोवतीच राहू दिली.

परीक्षा केंद्राच्या फाटकाशी पालकांची ही गर्दी. बाटल्या, पॅड, शेवटच्या मिनिटाच्या सूचना. आम्ही आलो तशी बोलणी थांबली. लोक बघून नजर वळवायचे, परत बघायचे. मला मान वर करवेना. एका मुलीची आई, आमच्या कोणी ओळखीची नाही, झाडाखालच्या कट्ट्यावर बसली होती. ती न राहवून म्हणाली, "अहो ताई, काय झालं हे?"

आईनं मला पाण्याची बाटली दिली. माझी कॉलर सारखी केली. मग त्या बाईकडे वळली आणि ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नवऱ्यानं मारलं."

ती बाई क्षणभर गोंधळली. मग तिनं कट्ट्यावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकून जागा केली. "बसा इथे," म्हणाली, "सावली आहे."

घंटा झाली, मी आत गेले. तीन तासांनी बाहेर आले तेव्हा आई त्याच कट्ट्यावर बसून त्या बाईशी काहीतरी बोलत होती. तोंडावर हात न ठेवता.